घेतलेली कीड, दिलेली कीड

चुडाव्याच्या शिवारात जुलै-ऑगस्टमध्ये कपाशीचे पान उलटे करून पाहिले, की एक बारीक हिरवट-पिवळा किडा तिरपा तिरपा पळतो. पंखांच्या टोकाजवळ दोन काळे ठिपके. हा तुडतुडा, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्याने रस पिला की पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होतात, पान खाली वळते आणि फारच झाले तर वाळून हातात कडकड वाजते. पण शेतकरी काही छाती पिटत नाही. तुडतुडा दरसालचा पाव्हणा, आज्या-पणज्यापासून कपाशीसंगे नांदत आलेला.

हाच तुडतुडा सध्या अमेरिकेत मोठ्या काळजीचा विषय होऊन बसला आहे. २०२२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या कपाशीवर तो एकाएकी उसळला आणि तिकडच्या अनेक देशांच्या पिकाला त्याने झोडपून काढले. २०२३ मध्ये तो अमेरिकेच्या ताब्यातील पोर्टो रिको बेटावर सापडला, २०२४ च्या अखेरीस फ्लोरिडात आला आणि २०२५ च्या हंगामात जॉर्जिया, अलाबामा, दक्षिण कॅरोलिना अशा कापसाच्या राज्यांत शिरला. त्याच्या प्रवासाचे एक वाहन तर आपल्या अंगणातले. रोपवाटिकांतून विक्रीला जाणाऱ्या जास्वंदीच्या कुंड्यांवर बसून तो गावोगाव पोचला. कापसाची मोठमोठी शेते, विमानाने फवारणी, हाताशी विद्यापीठे; तरी तिथला शेतकरी पान उलटे करून ‘हे काय नवीन?’ म्हणून विचारतो आहे.

बरी जिरली, असे कोणाच्या मनात आले तर त्याला दोष देता येणार नाही. कारण वीस वर्षांपूर्वी तिकडचाच एक किडा आपल्याकडे आला होता आणि तेव्हा ‘हे काय नवीन?’ म्हणण्याची पाळी आपली होती. आज तुडतुड्याच्या निमित्ताने ते जुने खाते पुन्हा उघडून पाहण्याजोगे आहे. त्यात आपण कमावले काय आणि फुकट घालवले काय, याचा हिशेब अजून नीट झालेला नाही.

पांढऱ्या पिठाचे कोडे

तो किडा म्हणजे पिठ्या ढेकूण. अंगावर पीठ शिंपडल्यासारखा पांढरा, मऊ, जागचा हलत नाही. याची पहिली शास्त्रीय नोंद १८९८ सालची, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको प्रांतातली. एका वारुळात, झुडपाच्या मुळाशी तो सापडला. त्या मुंगीच्या जातीवरूनच त्याला ‘सोलेनॉप्सिस’ हे नाव पडले. पुढे नव्वद-एक वर्षे त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. १९९० च्या आसपास टेक्सासमध्ये तो कपाशीवर दिसला. २००५ मध्ये पाकिस्तानात त्याने कपाशी खाल्ली, त्याच सुमारास गुजरातेत दिसला आणि २००७ च्या हंगामात पंजाबातली शेते पांढरी झाली. विदर्भ-मराठवाड्यातही त्याच दोन-तीन वर्षांत तो येऊन बसला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने २००८ च्या सुमारास नऊ राज्यांत पाहणी केली, तेव्हा जागोजागी हीच परकी जात निघाली.

सुरुवातीला तो कीड आहे हेच कित्येकांना पटेना. शेंड्यावर, पानाच्या देठावर, पात्यांच्या बुडाशी पांढरे पुंजके दिसले की लोक म्हणत बुरशी लागली. म्हणून बुरशीनाशके मारली गेली. झाडावर मुंग्यांची रांग दिसे, म्हणून मुंग्या मारायची भुकटी टाकली गेली. वास्तविक मुंग्या येत त्या ढेकणाच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा चाटायला. हा चिकटा पानावर पडतो, त्यावर काळी काजळी चढते, पानाला ऊन मिळत नाही आणि झाड खुरटते. मुंग्या त्या बदल्यात ढेकणाची राखण करतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात. एक मादी शेकड्याने पिले देते. ही पिले मोहरीपेक्षा बारीक. वाऱ्यावर, पाटाच्या पाण्यावर, वेचणीला आलेल्या बायांच्या लुगड्यावर, बैलाच्या अंगावर बसून या शेतातून त्या शेतात जातात.

मग फवारणी सुरू झाली. पण अंगावरचे पीठ म्हणजे मेणाचे कवच. औषध त्याच्यावरून ओघळून जाते. म्हणून आणखी जहाल औषध, आणखी एक हात, दोन औषधे एकत्र, त्यात कपडे धुण्याची पावडर. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने मारले. कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत त्या दोन-तीन वर्षांत काय चढले असेल ते ज्याच्या त्याच्या घरात माहीत.

बी.टी. कपाशीमुळेच ही कीड आली, असेही तेव्हा ठामपणे बोलले जाई. मला ते अर्धेच खरे वाटते. २००२ मध्ये परवानगी मिळालेले बी.टी. बियाणे बोंडअळीसाठी होते. रस पिणाऱ्या किडीशी त्याचा काही संबंध नाही. मात्र बाजारात घाईने उतरलेले पुष्कळ संकरित वाण रसशोषक किडींना नाजूक होते, हे नाकारता येत नाही. त्यापूर्वी आपल्या भागात घरोघर असलेली नांदेड-४४, किंवा त्याहून जुनी गावरान कपाशी, अशा किडींना बरीच दाद देत नसे. ढेकूण बी.टी. ने आणला नाही. त्याला मऊ अंथरूण मात्र मिळाले.

न बोलावता आलेली गांधीलमाशी

आता या गोष्टीतला खरा भाग. २००८ मध्ये दिल्लीकडे शास्त्रज्ञांना काही ढेकूण वेगळेच दिसले. पांढरे पीठ गेलेले, अंग फुगलेले, तपकिरी आणि कडक. त्यातून मोहरीच्या दाण्याएवढी काळी गांधीलमाशी बाहेर पडे. ती जिवंत ढेकणाच्या पोटात अंडे घालते, अळी आतून ढेकूण खाते आणि रिकाम्या टरफलाला गोल भोक पाडून नवी माशी उडून जाते. २००९ मध्ये ही जात नवीन म्हणून जाहीर झाली आणि राष्ट्रीय कीड व्यवस्थापन संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. बांबावाले यांच्यावरून तिला नाव मिळाले. मराठी माणसाचे नाव लागल्याने आपल्याकडे त्याचे कौतुकही झाले. पुढे २०१४ मध्ये बारकाईने ताडून पाहता असे निघाले, की ही माशी आपली नव्हेच. अमेरिकेत पूर्वीच नोंदलेली, ढेकणाच्या मुलखातली त्याची जुनी वैरीण. ती कोणी आणली? कोणीच नाही. बहुधा ढेकणाच्या पोटातच बसून आली.

दोन-तीन हंगामांत ती देशभर पसरली. अनेक शेतांत निम्म्याहून जास्त ढेकूण तिने पोखरलेले आढळू लागले आणि कपाशीवरचा पिठ्या ढेकूण ज्या वेगाने आला होता त्याच वेगाने खाली बसला. आज तो धुऱ्यावर, भेंडीवर, जास्वंदीवर दिसतो. पण २००७ ची धास्ती राहिली नाही. पुष्कळांना अजून वाटते की तो औषधाने गेला. ज्याने शेवटची फवारणी केली त्याच्या औषधाला मान मिळाला, एवढाच त्याचा अर्थ. उलट ज्या शेतात आठ-आठ दिवसांनी पंप फिरत होता तिथे तपकिरी टरफलातल्या माश्याही मेल्या आणि ढेकूण तिथेच जास्त दिवस टिकला. मेणाचे कवच ढेकणाला आहे, माशीला नाही.

परक्या रसशोषक किडीचे सगळे गणित इथे आहे. आपल्या मुलखात तिला खाणारे, पोखरणारे, आजारी पाडणारे दहा असतात. नव्या मुलखात ती एकटी उतरते. झाडही नवखे, त्याला तिची ओळख नाही. म्हणून घरी जो किडा कोणी विचारत नाही तो परगावी पाटील होतो. आपला तुडतुडा अमेरिकेत आज तेच करतो आहे.

ज्या झाडाला दुसरा हंगाम नसतो

शत्रू मागोमाग आलाच नाही तर काय होते, हे पाहायचे असेल तर त्याच अमेरिकेच्या पूर्व भागातल्या डोंगरांकडे बघावे. तिथे हेमलॉक नावाचे देवदारासारखे उंच, सदाहरित झाड आहे. (सॉक्रेटिसाला दिलेले विष ते हे नव्हे, ती वनस्पती वेगळी. या झाडाचा एक भाऊबंद आपल्या हिमालयात आहे.) ओढ्याकाठी दाट सावली धरणारे हे झाड शेकडो वर्षे जगते. १९५१ मध्ये व्हर्जिनिया राज्यात रिचमंडजवळ त्याच्या पानांच्या बुडाशी पांढऱ्या लोकरीचे ठिपके दिसले. जपानमधून आलेला, माव्याच्या नात्यातला एक किडा त्या लोकरीखाली बसून झाडाचा साठवलेला अन्नरस पितो. सारी फौज माद्यांचीच, नराची गरज नाही. जपानमध्ये झाडही त्याला तोंड देते आणि खाणारे भुंगेही आहेत; अमेरिकेत दोन्ही नव्हते. चार ते दहा वर्षांत झाड वाळते. २००२ मध्ये हा किडा ग्रेट स्मोकी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला आणि तिथे आता डोंगरच्या डोंगर करड्या सांगाड्यांनी भरले आहेत. सावली गेली तसे ओढ्यांचे पाणी तापू लागले, थंड पाण्यातल्या माशांवर संक्रांत आली.

तिथे एकेका झाडाच्या बुडाशी औषध ओतून ती वाचवतात. ते औषध इमिडाक्लोप्रिड. आपण कपाशीच्या सरकीला चोळलेले आणि पंपात घातलेले तेच. पण जंगलातल्या किती झाडांना ओतणार? म्हणून शास्त्रज्ञांनी शत्रू शोधले. त्या किड्याला खाणारे बारीक भुंगे सोडायला सुरुवात झाली, जपानमधूनही भुंगे आणले. भुंगे काही ठिकाणी रुजले आहेत. पण मेलेले तीनशे वर्षांचे झाड परत उभे राहत नाही. आपली कपाशी गेली तर, कितीही नुकसान झाले तरी, पुढल्या मिरगाला पुन्हा सरकी टोबता येते. त्या डोंगरातल्या माणसाला तीही सोय नाही.

झाडाच्या बाबतीत आपल्यालाही याची चुणूक मिळाली होती. सत्तर-ऐंशीच्या दशकात उरुळीकांचनच्या बाएफने सुबाभळीचा मोठा प्रसार केला. चारा, जळण, कुंपण, सगळे एका झाडात. १९८८ मध्ये मध्य अमेरिकेकडच्या एका उडत्या रसशोषक किडीने तमिळनाडूत प्रवेश केला. त्याआधी १९८४ मध्ये हवाई, मग फिलिपाईन्स, इंडोनेशिया, श्रीलंका असे बेटाबेटाने उड्या मारत ती आली होती. त्याच वर्षी थायलंडहून एक निळसर ढालकिडा बंगळूरला आणला गेला. सुबाभूळ मेली नाही, पण तिच्याबद्दलचा उत्साह मात्र ओसरला.

उसाचा धडा

ऊसवाल्यांना ‘लोकर’ हा शब्द ऐकला की २००२ आठवत असेल. त्या जुलैत सांगली जिल्ह्यात उसाच्या पानाखाली पांढरी लोकर दिसली आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातले फड काजळीने काळे पडले. लोकरी मावा ईशान्य भारतात आधीपासून नोंदलेला. इकडे मात्र नवा. जनावरांसाठी फडातून निघालेले वाढे गावोगाव नेले गेले, त्यातूनही तो पसरला. इथेही आधी धुरळणी आणि फवारणीच झाली. दहा फूट उंच उसात शिरून पानाच्या खालच्या बाजूला औषध मारणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच माहीत.

त्यानंतर मात्र एक चांगली गोष्ट घडली. माव्याला खाणारी ‘डिफा’ नावाच्या पतंगाची अळी आणि ‘मायक्रोमस’ हा जाळीदार पंखांचा कीटक फडातच आढळू लागले. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने, विद्यापीठांनी आणि कारखान्यांनी ते ओळखायला शिकवले. ज्या फडात अळ्या आहेत तिथली पाने कापून लोकांनी दुसऱ्याच्या फडात नेऊन बांधली. आसामकडून एक परोपजीवी माशीही आणून सोडण्यात आली. मावा आजही अधूनमधून दिसतो, पण त्याने कारखाने बंद पाडले नाहीत. शेतकऱ्याने पैसे न देता दुसऱ्याच्या शेतातून आणलेले हे कदाचित पहिलेच ‘औषध’ असेल.

पपईच्या पिठ्या ढेकणाचेही तसेच. २००८ मध्ये कोइमतूरला सापडला, पपई, तुती, टॅपिओका खात पुण्यापर्यंत आला. बंगळूरच्या संस्थेने २०१० मध्ये त्याच्या तीन परोपजीवी माश्या परदेशातून मागवल्या, त्यातली एक इतकी लागू पडली की वर्षभरात तमिळनाडूतली पपई सावरली. या माश्या आल्या कुठून? पोर्टो रिकोहून. तेरा वर्षांनी आपला तुडतुडा तिथेच जाऊन उतरला. उपकाराची फेड म्हणावी तर ही अशी!

पहिले पंधरा दिवस

इतके सगळे झाल्यावरही आज चुडाव्यात एखादी नवी पांढरी, काळी किंवा पिवळी कीड दिसली तर ती ओळखायची कोणी? एका बाजूला परभणीचे कृषी विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला नांदेडचे कापूस संशोधन केंद्र. पूर्णा-नांदेड मार्गावरच्या या गावाहून दोन्ही हाकेच्या अंतरावर म्हणायची. तरी शेतकरी फांदी मोडून पहिल्यांदा जातो तो दुकानात. त्यात त्याचे काही चुकत नाही. दुकान सकाळी उघडे असते, उधार मिळते आणि तिथला माणूस ‘माहीत नाही’ असे कधी म्हणत नाही. कृषी सहायकाच्या वाट्याला अनेक गावे आणि त्याहून जास्त कागद. राज्याने २००९ पासून ‘क्रॉपसॅप’ नावाने कीड सर्वेक्षण सुरू केले, ते चांगलेच आहे. पण त्यात ठरावीक पिकांवरच्या ठरावीक किडी मोजल्या जातात. रकान्यात नसलेली कीड पानावर असली तरी कागदावर येत नाही.

याची किंमत फक्त पैशात नसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर मिश्र औषधे फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उंच वाढलेली कपाशी, दमट हवा, तोंडाला फडके नाही आणि एका पंपात दोन-तीन औषधे. ती कीड नवी नव्हती, पण हात तोच, सवय तीच. तपकिरी टरफल ओळखू येत नाही म्हणून जो सालगडी पाठीवर पंप घेऊन आठवा हात मारायला जातो, त्याच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

आणि नवे पाव्हणे येतच आहेत. २०२१ च्या हंगामात आंध्र-तेलंगणात मिरचीच्या फुलांत घुसणाऱ्या आग्नेय आशियातल्या काळ्या फुलकिड्याने हाहाकार केला. लोकांनी जितकी औषधे मारली तितका तो वाढत गेला, असा तिकडचा अनुभव. नांदेड जिल्ह्याची हद्द तेलंगणाला लागून, आणि धर्माबादची मिरचीपेठ तर सीमेवरच. बंदरावर आणि विमानतळावर आयात रोपांची तपासणी करण्याचा कायदा आहे, नियम आहेत. परंतु एकदा देशात शिरलेल्या किडीला राज्याच्या नाक्यावर कोणी अडवत नाही. टेम्पोभर रोपे येतात, त्यांच्या पानाखाली काय बसले आहे हे घेणाराही पाहत नाही आणि देणारा सांगत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की अनोळखी कीड दिसल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांत तिचे नाव गावाला कळण्याची सोय तालुक्याला हवी. पूर्णेला एक टेबल, एक भिंग, एक जाणता माणूस आणि विद्यापीठाशी रोजचा संपर्क, याला फार मोठी योजना लागत नाही. कीटकनाशकांच्या जाहिरातींनी भिंती रंगवायला जेवढा खर्च होतो त्याच्या पासंगालाही तो लागणार नाही. आणि शेतकऱ्यानेही नमुना नेताना फांदी उघडी धरून मोटारसायकलवरून नेऊ नये. नाहीतर वाटेतल्या दहा शेतांत पिले सोडत जाणार. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून न्यावी.

तोवर एक काम घरच्या घरी होण्यासारखे आहे. माघात कपाशी मोडली की पऱ्हाट्यांचे भारे आखाड्यावर रचले जातात, जळणासाठी जूनपर्यंत तसेच राहतात. धुऱ्यावर आणि रेल्वेरुळाच्या कडेला गाजर गवत असतेच. तेही अमेरिकेच्याच गव्हाबरोबर आलेले. पिठ्या ढेकूण उन्हाळा काढतो तो या दोन ठिकाणी. पेरणीआधी एकदा वाकून गवताच्या बुडाशी पाहावे. पांढरे पुंजके दिसले तर त्यातला एखादा ढेकूण काडीने वेगळा करावा. तपकिरी, कडक, फुगलेला आणि पाठीवर टाचणीने टोचल्यासारखे गोल भोक असलेला निघाला, तर तिथे पंप नेऊ नये. माशी कामावर आहे.